तेलाचा थेंबही लागत नाही

सासऱ्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवून त्यांना घरी सोडलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "तळलेलं बंद. बाकी बघू." ही बातमी सासऱ्यांच्या कानावर घालायचं काम माझ्याकडे आलं. माझा नवरा ग्रँट अशा वेळी गाडी आणायला जातो.

लायलनी (म्हणजे सासऱ्यांनी) सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "आणि शुक्रवार?"

ईस्टरच्या आधीचे शुक्रवार म्हणजे उपास. उपास म्हणजे मांस वर्ज्य. आणि मांस वर्ज्य म्हणजे चर्चच्या हॉलमध्ये बिअरमध्ये कालवलेल्या पिठात बुडवून, खळखळत्या तेलात तळलेला पर्च मासा. सोबत बटाट्याची धिरडी, लोणी लावलेला राय ब्रेड, आणि तब्येतीसाठी कोबीची कोशिंबीर. लायलनी हा उपास लहानपणापासून एकदाही मोडलेला नाही.

"शुक्रवारचा मासा मी घरी करीन," मी म्हणाले. "तस्साच कुरकुरीत. पण तळल्याशिवाय."

लायलनी एक बोट वर केलं. "एक शुक्रवार देतो तुला," ते म्हणाले. "जमला तर मी घरी जेवीन. नाही जमला तर हॉलवर जाईन, आणि मग तू मला एक अक्षर बोलायचं नाहीस. कबूल?"

मी कबूल म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मी काळजी करणारी बाई आहे. आमची मेबल दोन वर्षांची आहे. तिची द्राक्षं मी अजून चार तुकडे करून देते. लायल आमच्या तळघरातल्या खोलीत राहायला आले, तेव्हा मेबलच्या पाळण्यापाशी ठेवायचं ते ऐकण्याचं यंत्र मी त्यांच्या कपाटावर, फोटोच्या मागे, ठेवून दिलं होतं. त्यांचा श्वास नीट चाललाय ना, एवढंच मला ऐकायचं होतं. एके दिवशी दुपारी मी कपडे घडी करत बसले असताना त्यातून आवाज आला, "कर्स्टन, मी जिवंत आहे. चहा घे तू."

तर मी एअर फ्रायर आणला. खोक्यावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'तेलाशिवाय तळा'. मी ते खोकं नीट चपटं करून, नियमाप्रमाणे रद्दीच्या निळ्या डब्याशेजारी ठेवलं. आमची चूक कुठं झाली असं कोणी विचारलं तर मी त्या खोक्याकडे बोट दाखवीन. ते मी पालथं ठेवायला हवं होतं.

आमची चार घरांची एक ओळ आहे. भिंतीला भिंत, गॅरेजला गॅरेज, समोर सगळ्यांचा मिळून एक रस्ता. गेल्या थँक्सगिव्हिंगला कोपऱ्यातल्या घरच्या पाहुण्यांनी गॅरेजमध्ये मोठ्या फ्रायरात टर्की तळायला घेतली. टर्की अर्धवट गोठलेली होती. ती उकळत्या तेलात सोडल्यावर तिचं पुढं काय झालं ते कोणालाच सांगता येत नाही, पण गॅरेजचं दार राहिलं नाही. त्यानंतर आमच्या सोसायटीनं नियम केला: कोणत्याही प्रकारचा फ्रायर इमारतीत किंवा इमारतीपासून दहा फुटांच्या आत चालणार नाही.

सोसायटीचे अध्यक्ष मिस्टर मार्विन डेंगल. विमा कंपनीत होते. लोकांना भरपाई का देता येत नाही हे शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर ती दृष्टी वाया जाऊ नये म्हणून ते अध्यक्ष झाले. निळ्या डब्यांपाशी त्यांना माझं खोकं दिसलं, आणि संध्याकाळी मला बैठकीचं बोलावणं आलं.

बैठक त्यांच्याच स्वयंपाकघरात होती. शेजारच्या युनिसबाई विणकाम घेऊन आल्या होत्या. पलीकडचा ट्रेव्हर व्यायामशाळेतून परस्पर आला होता आणि उभ्यानं उकडलेली अंडी खात होता.

"तुमच्या घरात फ्रायर आहे का?" मिस्टर डेंगलनी विचारलं.

"नावात फ्रायर आहे," मी म्हणाले. "खरं म्हणजे ती भट्टी आहे. छोटी. आत पंखा आहे."

"मग त्याला भट्टी का म्हणत नाहीत?"

"नाव मी ठेवलं नाही."

"मार्विन, माझ्या फ्रीजमध्ये हॉट डॉग आहेत," युनिसबाई सुईवरून नजर न काढता म्हणाल्या. "कुत्रा वीस पौंडांच्या आतलाच हवा, तो नियम त्यांनाही लावणार का? आतलेच आहेत ते."

मिस्टर डेंगलनी ते ऐकलं नाही. "फ्रायर म्हणजे ज्यात तेलात पदार्थ होतो तो," ते म्हणाले. "धोका तेलाचा असतो. तुमच्या यंत्रात तेल लागतं का?"

इथं मी थांबायला हवं होतं. यंत्र अजून ओट्यावर प्लास्टिकमध्येच होतं. मी त्याचं बटणही दाबलं नव्हतं. पण डोळ्यांसमोर खोक्यावरचं ते हसरं कुटुंब होतं, आणि त्यामागे लायल.

"तेलाचा थेंबही लागत नाही," मी म्हणाले.

"छान," मिस्टर डेंगल म्हणाले. "मग ठरलं. तेल घातलं नाही, तोवर ती भट्टी. तेल घातलं की फ्रायर. तुम्ही सगळ्यांसमोर शब्द दिलाय, कर्स्टन."

मी शब्द देऊन घरी आले तेव्हा मला फार हलकं वाटत होतं. ते पहिल्या माशापर्यंत टिकलं.

पहिला मासा मी लायलच्याच पद्धतीनं केला. पिठात बिअर, चिमूटभर मीठ, मासा बुडवला, जाळीत ठेवला. तेल असतं तर ते पीठ तेलाला लागताक्षणी फुलून आलं असतं. इथं खाली होती नुसती भोकं. पीठ आधी विचार करत थांबलं, मग थेंब थेंब खाली उतरू लागलं. वरून पंख्यानं उरलेलं उडवलं. खण उघडला तेव्हा आत चुना लावलेल्या भिंतीसारखं काहीतरी होतं आणि त्याच्या मधोमध उघडाबोडका मासा, अंघोळीच्या वेळी कोणी दार उघडल्यासारखा.

लायलनी एक घास घेतला. चावला. गिळला. मग म्हणाले, "वेगळं आहे."

आमच्या भागात कोणी कशाला वाईट म्हणत नाही. पोरानं मानेवर कोळी गोंदवून घेतला, शेजारणीनं घराला जांभळा रंग दिला, किंवा नव्या पाद्र्यानं प्रवचनात गिटार आणली, की आम्ही सगळे म्हणतो, "वेगळं आहे." त्यापुढं शिक्षा नाही.

"हा सराव होता," मी म्हणाले. "ठरलाय तो शुक्रवार. तो अजून यायचाय."

"मी काही म्हणालो का?" लायल म्हणाले, आणि बशी मेबलच्या बाजूला सरकवली. मेबलनं ती खाली टाकली.

दुसऱ्या खेपेला ओलं पीठ सोडून दिलं आणि ब्रेडचा कोरडा चुरा लावला. चुरा पांढराच राहिला. बराच वेळ ठेवला तर मासा आतून वाळला, चुरा मात्र तसाच, जसा काही आत्ताच सुतारानं झटकलाय. यंत्राचा काही दोष नव्हता. गरम वारा कोरड्या चुऱ्यावरून कितीही वाहिला तरी चुरा भाजायला त्याच्या अंगावर काहीतरी स्निग्ध हवं, हे कॉलेजात दोन वर्षं रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला कळायला इतका वेळ लागला.

पण शब्द दिलेला. मग सल्ले घेणं आलं.

"फवारा मार," ट्रेव्हर म्हणाला. "डब्यातला. मी कोंबडीला मारतो. त्याला तेल कोण म्हणतं? ती तर वाफ आहे."

"मेयोनीज फास, पोरी," युनिसबाई म्हणाल्या.

"मेयोनीज म्हणजे तेलच की."

"असेल. पण तसं कोणी म्हणत नाही ना."

मी फवारा आणला. डब्यावरची बारीक अक्षरं वाचायची माझी सवय आहे, पण या वेळी मी मुद्दाम समोरचीच मोठी अक्षरं वाचली. माशावर फवारलं, जाळीवर फवारलं, आणि अजून थोडं, म्हणजे कमी पडायला नको. ते सगळं निथळून खणाच्या तळाशी साचलं आणि तिथं ते तापत बसलं. धूर आधी पांढरा होता. मी मेबलला उचललं, खिडकी उघडली, टॉवेल फडफडवला. तरी धुराचा अलार्म वाजला. आणि टर्कीनंतर आम्ही मोठ्या शहाणपणानं चारही घरांचे अलार्म एकमेकांना जोडून घेतलेत.

चार घरं एकदम किंचाळू लागली. मेबल रडत होती. खाली लायल जिन्याचा कठडा धरून वर येत होते, आणि मला धुराचं काही वाटेना, मला फक्त त्यांचं वर येणं दिसत होतं: पायरी, थांबले, पायरी, थांबले. "तिथंच थांबा," मी ओरडले. ते थांबले नाहीत. वर आले, खुर्ची ओढली, आणि बसून म्हणाले, "तो आवाज बंद कर आधी. हृदय त्यानंच बंद पडेल."

दारात मिस्टर डेंगल उभे होते. नाक वर केलेलं. "काय जळलं?"

"ब्रेडचा चुरा," मी म्हणाले. ते खरं होतं. खऱ्याचा तेवढाच तुकडा मी उचलून त्यांच्या हातात दिला.

"अलार्म तपासावे लागतील," ते म्हणाले. "शुक्रवारी येतो. हॉलवर जेवायला जाताना वाटेतच आहात तुम्ही." मी मान हलवली. काय कबूल केलं ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही, कारण मी खणाकडे बघत होते. जाळीवर काही चिकटू नये म्हणून दिलेला काळा थर एका ठिकाणी सुटल्यासारखा दिसत होता. तो थर लायलच्या पोटात किती गेला असेल? या वेळी काहीच गेलं नव्हतं. मासा तर कोळसा झाला होता. तरी मी तो हिशेब करतच राहिले.

फवाऱ्याचा डबा मी कचऱ्यात टाकला, आणि या वेळी पालथा.

उलगडा झाला तो मेबलच्या जेवणात. तिच्यासाठी माशाची गोठवलेली बोटं मिळतात, ती मी त्याच यंत्रात ठेवली. वर काही लावलं नाही. आणि ती सोनेरी, कुरकुरीत होऊन बाहेर आली. मी पाकीट उलटलं. मासा, गव्हाचा चुरा, तेल. तेल त्यांनी माशाला नव्हे, आधीच चुऱ्याला पाजलेलं होतं. निथळायला, साचायला, धूर व्हायला काही शिल्लकच नव्हतं. म्हणजे चमचाभर तेल खाऱ्या बिस्किटांच्या चुऱ्यात चोळायचं, तो चुरा माशाला लावायचा, बस. कढईभर तेलाच्या जागी चमचाभर. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. "चमचाभराला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "काळजी करू नका." हे शेवटचं त्या सगळ्यांनाच सांगत असाव्यात.

डॉक्टरांची परवानगी मिळाली. सोसायटीची नव्हती.

शुक्रवार उजाडला. ग्रँट संध्याकाळच्या पाळीला गोदीत गेला. जाताना म्हणाला, "होईल नीट," आणि जरा भरभरच गेला. हॉलवर आमच्याकडे लोक दिवसाउजेडीच जेवतात. त्यामुळे दुपार टळायच्या आतच लायल दाढी करून, कोट घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत येऊन बसले. टोपी गुडघ्यावर. पिकअप ट्रकच्या किल्ल्या मुठीत. त्या ते बोटांवरून एकेक सरकवत होते.

"घाई नाही," ते म्हणाले. "रांग लांब असते, एवढंच."

मी चुरा चोळला. ओल्या वाळूसारखा मुठीत धरवला, तेव्हा मासा त्यात घोळवला. जाळीत ठेवला. खण आत ढकलला. पंखा सुरू झाला, आणि दारावरची घंटा वाजली.

मिस्टर डेंगल एका हातात शिडी घेऊन आत आले. अलार्मकडे गेलेच नाहीत. ओट्यावर तेलाची बाटली होती, झाकण उघडं, शेजारी चमचा.

"ते तेल आहे का, कर्स्टन?"

तोंडाशी उत्तर तयार होतं. मेबलच्या अंगाला लावायचं, असं. ते इतकं तयार होतं की मला माझीच भीती वाटली. लायल माझ्याकडे बघत होते. ज्या माणसाला मी इतके दिवस 'यात काय आहे ते मला माहीत आहे, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा' असं ऐकवत आले होते, त्याच्यासमोर मी हे बोलले असते, तर त्याच्या ताटात पडणाऱ्या कुठल्याच घासाला पुढं अर्थ राहिला नसता.

"हो," मी म्हणाले. "चमचाभर. चुऱ्याला चोळलंय."

"मग हा फ्रायर झाला."

"झाला."

"इमारतीपासून दहा फूट," मिस्टर डेंगल म्हणाले. त्यांच्या आवाजात खोच नव्हती; त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं, आणि त्यामुळे काही उपयोग नव्हता.

लायलच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"मेबलला घ्या," मी मिस्टर डेंगलना म्हणाले, आणि त्यांनी घेतलं सुद्धा, कारण मी तिला त्यांच्या हातात दिलंच होतं. मी यंत्राची वायर उपटली, दोन टॉवेलांत ते उचललं आणि गॅरेजमधून बाहेर आले. बाहेर तळ्यावरचा वारा होता आणि कडेला अजून न वितळलेला बर्फ. मिस्टर डेंगलनी खिशातून टेप काढला. एका हातात मेबल, एका हातात टेप, दुसरं टोक युनिसबाईंच्या हातात. त्या पायात सपाता घालून आल्या होत्या. दहा फूट भरले ते बरोबर रस्त्याच्या मधोमध.

"इथं नाही ठेवता येणार," मिस्टर डेंगल म्हणाले. "सामायिक रस्त्यावर वाहनाखेरीज काहीही उभं करायचं नाही."

"मार्विन," युनिसबाई म्हणाल्या, "तुला कोणी जेवायला का बोलवत नाही, ते कळतं का तुला?"

मी गॅरेजमधून मेबलची लाल ओढगाडी आणली आणि यंत्र तिच्यात ठेवलं. मिस्टर डेंगल वाकून बघत राहिले.

"चाकं आहेत," ते शेवटी म्हणाले.

मग वायर पुरेना. माझ्याकडची जोडायची लांब वायर बारीक होती. ती पाहून मिस्टर डेंगलचा चेहरा पडला. त्यांनी मेबलला युनिसबाईंकडे दिलं, घरी गेले आणि स्वतःची जाडजूड नारिंगी वायर घेऊन आले. "ही चालेल," ते म्हणाले. यंत्राच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर 'घराबाहेर वापरू नये' असं लिहिलेलं आहे. ते मी कोणालाच सांगितलं नाही. एका दिवसात मी एवढंच खरं बोलू शकते.

पंखा सुरू झाला. पण वाऱ्यापुढं त्याचं काय चालणार? तापमानाचे आकडे चढेनात. चढले की वारा यायचा आणि उतरायचे. मी गाडीवर ओणवी होऊन टॉवेल धरला. टॉवेल माझ्याच तोंडावर येत होता. आत मासा ना शिजलेला ना कच्चा पडला होता. उजेड जात चालला होता. हॉलवरची रांग आता दारापर्यंत आली असेल.

लायल गॅरेजच्या तोंडाशी उभे राहून हे बघत होते. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि माझ्या बाजूनं, माझ्याकडे न बघता, पिकअपकडे चालत गेले.

मी एक अक्षर बोलायचं नव्हतं. तसं ठरलं होतं. युनिसबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो मी झटकला, कारण तो तसाच राहिला असता तर मी रडले असते. दार आपटलं. इंजिन सुरू झालं. मागचे लाल दिवे लागले, आणि ती जुनी धुडासारखी गाडी मागे मागे येऊ लागली. मी ओढगाडी बाजूला घ्यायला वाकले.

"हलवू नकोस," खिडकीतून आवाज आला.

पिकअप रस्त्यावर आडवी फिरली आणि लाल गाडीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. वारा थांबला. एकदम, दार लावल्यासारखा. आकडे चढू लागले.

मिस्टर डेंगलनी पिकअपची चाकं पाहिली. "वाहन आहे," ते हळूच म्हणाले.

"पलट तो," लायल खिडकीतून म्हणाले. "वरची बाजू होतेय."

मी पलटला. चुरा सोनेरी झाला होता, कडांना तांबूस. युनिसबाई घरातून ताटल्या आणि राय ब्रेड घेऊन आल्या. पहिली ताटली मी खिडकीतून आत दिली. इंजिन चालूच होतं. लायलनी काट्यानं तुकडा मोडला, आणि तो मोडल्याचा आवाज मला इंजिनाच्या वरून ऐकू आला. त्यांनी घास चावला. दुसरा घेतला. इंजिन चालूच. एवढ्यात निघाले असते तर हॉलवर शेवटची पंगत मिळाली असती. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

दुसरी ताटली मी मिस्टर डेंगलना दिली, कारण त्यांचा हॉल आमच्यामुळे चुकत होता. ते खिडकीशी उभं राहून मला समजावू लागले, की पुढच्या बैठकीत व्याख्या पुन्हा तपासावी लागेल. किती तेलाला तेल म्हणायचं हा प्रश्न नियम करताना कोणाच्या लक्षातच आला नव्हता. तोवर मात्र हे सगळं दहा फुटांवरच. बोलता बोलता त्यांनी ताटली जरा तिरकी धरली होती. खिडकीतून एक हात बाहेर आला, त्यांच्या ताटलीतला अख्खा तुकडा उचलून आत घेऊन गेला.

मिस्टर डेंगलनी ताटली सरळ केली.

"कोबी नाही केलास?" लायल आतून म्हणाले.

"करते," मी म्हणाले.

"कर. मी आहे." आणि त्यांनी इंजिन बंद केलं.